काकवी कां फसफसली?

आषाढ लागला म्हणजे कोल्हापुरांत पावसाची अशी झड बसते कीं, वाळत घातलेलें कापड चार दिवस वाळत नाहीं, डब्यांतले पापड सादळतात आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटतें. अशाच एका रात्रीं अडीचच्या सुमारास आमच्या माजघरांत ‘फट्’ असा मोठा आवाज झाला. मांजरानें कांहीं तरी पाडलें असावें, असें आमच्या मंडळींचें मत पडलें. मी उठून दिवा लावला, तों फळीवरील एका कांचेच्या बरणीचें झांकण जमिनीवर घरंगळत होतें आणि बरणीच्या तोंडांतून तपकिरी फेंस संथपणें खालच्या पिठाच्या डब्यावर ओघळत होता. बरणी काकवीची होती. फाल्गुनांत पन्हाळ्याच्या वाटेवरील एका गुऱ्हाळावर आम्ही गेलों होतों. तेव्हां काहिलींतला पाक गुळाला येण्याच्या थोडा आधीं गुळव्यानें काढून दिला आणि मीं तो स्वतः भरून आणला होता.

सकाळीं आक्कांनीं बरणी पाहिली. आक्का म्हणजे माझ्या आत्याबाई. वय ब्याऐंशी, स्मरण आणि नाक दोन्हीं तीक्ष्ण. त्यांनीं दुरूनच वास घेतला आणि निर्णय दिला, “अरे, ही दारू झाली. पहिली घराबाहेर काढ.”

प्रकरण एवढ्यावर थांबतें तर हा मजकूर लिहिण्याचें कारण पडलें नसतें. आक्कांच्या खालच्या दाढा त्याच पंधरवड्यांत काढलेल्या होत्या. पेज आणि मऊ भात यांचा त्यांना वीट आला होता, खाणें अगदीं कमी झालें होतें, वजन उतरत चाललें होतें. म्हणून डॉक्टरांनीं दुधांत भिजवलेला पाव घेण्यास सांगितलें होतें. मोठ्या मिनतवारीनें त्या कबूल झाल्या होत्या, आणि मुहूर्त नेमका त्याच सकाळचा होता. अशा वेळीं आमच्या कॉलेजांत शिकणाऱ्या चिरंजीवांनीं चहा पितां पितां ज्ञान पाजळलें, “आजी, ज्यानें काकवी फुगली त्यानेंच पावही फुगतो. कारखान्यांतली दारूसुद्धां तेंच करतें.” झालें! आक्कांनीं पुढ्यांतली बशी सरकवली. “ऐंशी वर्षें ज्याला शिवलें नाहीं, तें आतां चार दाढांसाठीं खाऊं होय?”

चिरंजीव बोलले तें खोटें नव्हतें. पण अर्धें होतें, आणि अर्ध्या ज्ञानानें एका वृद्ध बाईंचें जेवण तुटत होतें. उरलेलें अर्धें सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखाद्या आक्का असतीलच, म्हणून त्यांना जें सांगितलें तें येथें थोडें विस्तारानें मांडतों.

प्रथम आक्कांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावाविषयीं जुन्या घरांतून जी अढी होती तिला केवळ सोंवळें एवढेंच कारण नव्हतें. गोव्यांत पोर्तुगीजांबरोबर पाव आला, तेव्हां युरोपांतलें फुगविण्याचें द्रव्य येथें मिळत नव्हतें. म्हणून तेथले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे लोक, पिठांत माडाची सूर घालूं लागले आणि त्या सुरेनें पीठ उत्तम फुगूं लागलें. पावांत माडी असते हा आमच्या वाडवडिलांचा संशय अशा रीतीनें वस्तुस्थितीला धरून होता. आजच्या बेकरींत सुरेऐवजीं पाकिटांतलें यीस्ट असतें इतकाच फरक. पण सुरेंत जें काम करीत होतें तेंच पाकिटांतही असतें.

यीस्टला आपल्याकडे शब्द आहे, किण्व. तो नवा बनविलेला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मद्य आंबविण्याच्या द्रव्याला तो वापरलेला आहे. त्या द्रव्यांत काम करणारी वस्तु सजीव असते हें मात्र एकोणिसाव्या शतकांत कळलें. किण्व ही एक बुरशी. परंतु भाकरीवर दिसणाऱ्या बुरशीसारखे तिला धागे नसतात, एकेक पेशी सुटी असते. मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी ती असते. तिच्या अंगाला कोंब फुटतो, तो वाढतो आणि वेगळा होऊन आपला संसार मांडतो. फळांच्या सालींवर, फुलांच्या मधांत, उंसाच्या कांड्यांवर, सर्वत्र हीं किण्वें बसलेलीं असतात.

तेव्हां किण्व दारू ‘करतें’ असें म्हणणें हें गाय शेणासाठीं चरते असें म्हणण्यासारखें आहे. किण्व साखर खातें, कारण त्याला जगायचें असतें. मद्यार्क हा त्याच्या पानांत टाकलेला भाग. तो किती टाकला जातो आणि त्याच्याऐवजीं दुसरें कांहीं टाकलें जातें कीं काय, हें किण्वाला कसें वाढलें यावर अवलंबून असतें. सारी मेख येथें आहे.

पेशीच्या पोटांत काय घडतें तें समजण्यासाठीं आपल्या शाहूपुरीच्या गूळबाजाराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेली ही पेठ; तेथें हंगामांत गुळाचे रवे वाहणारे हमाल अखंड ये-जा करीत असतात. हमालाच्या पाठीवरचें ओझें गोदामांत उतरलें तरच तो पुढच्या गाडीकडे वळूं शकतो. गोदामाला कुलूप असलें तर ओझें पाठीवरच राहतें, गाड्या खोळंबतात आणि सारा व्यवहार ठप्प होतो. किण्वाच्या पेशींत साखरेच्या कणाचे प्रथम दोन तुकडे होतात. त्या मोडतोडींत थोडीशी शक्ति हातीं लागते आणि हायड्रोजन सुटा होतो. हा हायड्रोजन वाहून नेणारे हमाल पेशींत मोजकेच असतात. तो कोठें तरी उतरविला नाहीं तर पुढची साखर फोडतां येत नाहीं आणि पेशी उपाशी मरते.

प्राणवायु हजर असला म्हणजे तोच गोदाम होतो. हायड्रोजन त्याला मिळून पाणी बनतें, साखरेचे तुकडे पुरते जळून त्यांचा कर्बवायु होतो, पानांत कांहीं उरत नाहीं आणि एकाच साखरेच्या कणापासून निदान आठपट शक्ति मिळते. प्राणवायु नसला तर ओझें उतरवायचें कोठें? तेव्हां किण्व साखरेच्याच तुकड्यांना गोदाम करतें. तुकड्यांतून थोडा कर्बवायु निघून जातो, उरतें त्याला असेटाल्डिहाइड म्हणतात, आणि हमाल आपला हायड्रोजन त्याच्यावर उतरवून मोकळे होतात. त्याचाच मद्यार्क बनतो. पेशीला त्याचा त्या वेळीं उपयोग नसतो, म्हणून ती तो बाहेर टाकते. हिशेब असा कीं, १८० ग्रॅम द्राक्षशर्करेचा ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कर्बवायु व्हावा. प्रत्यक्षांत थोडें कमी भरतें. कांहीं साखर ग्लिसरीन आणि दुसरीं आम्लें यांकडे जाते, आणि कांहीं किण्वाच्या स्वतःच्या वाढीला लागते.

लुई पास्तरनें हा विषय १८५७ पासून हातीं घेतला. हवा दिली कीं किण्व जोमानें वाढतें आणि तरीही साखर कमी खातें, हें त्यानें १८६१ मध्यें दाखवून दिलें. पुढें १८९७ मध्यें एडुआर्ट बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें किण्व वाळूबरोबर वाटून त्याचा रस पिळून काढला. रस नासूं नये म्हणून, आपण मोरांबा टिकविण्यासाठीं घालतों तशी, त्यांत पुष्कळ साखर घातली. आणि एकही जिवंत पेशी नसतांना तो रस फसफसूं लागला. म्हणजे हें काम पेशींतलीं पाचक द्रव्यें करतात. १९०७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक बुखनरला या शोधाबद्दल मिळालें.

इतकें झाल्यावर आक्कांनीं विचारलें, “मग काकवीच्या बरणींत हवा होतीच कीं. झांकणाखालीं चार बोटें जागा होती.” प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर असें कीं, पावाचें किण्व साखरेचा सुकाळ पाहिला म्हणजे हवा असूनही उष्टें टाकतें, आणि त्याच्या जातभाईंतही ही खोड आहे. लाडावलेल्या मुलाच्या पानांत एकदम सहा जिलब्या वाढल्या तर तो प्रत्येक जिलबीचा लचका तोडून बाकीची टाकील, तसा हा प्रकार. क्रॅबट्री नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२९ मध्यें अर्बुदाच्या पेशींत अशासारखीच संवय पाहिली होती. त्याचेंच नांव पुढें किण्वाच्या या खोडीलाही मिळालें. वरवर पाहतां ही उधळपट्टी; पण तींत कावा आहे. मद्यार्क इतर जंतूंना विषारी, किण्वाला बराच सोसणारा. भराभर साखर संपवून भोंवतीं मद्यार्क सांचवला कीं भाऊबंद हटतात. मग साखर सरल्यावर, हवा असेल तर, हेंच किण्व तो टाकलेला मद्यार्क पुन्हां उचलून खातें! रसाळ फळें पृथ्वीवर आलीं त्या सुमारास, म्हणजे दहा कोटि वर्षांमागें, ही रीत किण्वानें उचलली असावी असें मानतात.

आतां आपल्या जिल्ह्यांतलें उदाहरण. साखर कारखान्यांत साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जी काळी चिकट राब उरते तिला मळी म्हणतात. गुऱ्हाळावर रसावरच्या फेंसालाही मळी म्हणतात, ती वेगळी. कारखान्याच्या मळींत निम्म्याच्या आसपास साखर शिल्लक असते. आसवनींत या मळींत पाणी घालून ती पातळ करतात, किण्व सोडतात आणि मोठ्या टाकींत ठेवतात. दीड दिवसांत त्या पाण्यांत शेंकडा सात-आठ मद्यार्क होतो. मग तो ऊर्ध्वपातनानें वेगळा काढतात. एक टन मळीमागें सव्वादोनशे लिटरांच्या आसपास मद्यार्क पडतो. पाकिटांतलें पावाचें किण्व ज्या कारखान्यांत तयार होतें तेथेंही टाकी असते, मळीही तीच आणि किण्वाची जातही तीच. पण तेथें मळी एकदम ओतीत नाहींत. किण्व जितकी खाईल तितकीच थेंबथेंबानें सोडतात आणि खालून हवेचा जोराचा प्रवाह चालू ठेवतात. पंगतींत हात राखून वाढणारी सुगरण असते ना, तसें. पानांत कांहीं टाकायला उरतच नाहीं. मद्यार्क जवळजवळ होत नाहीं आणि सारी साखर किण्वाच्या वाढीला लागते. ही युक्ति पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेन्मार्क व जर्मनींत निघाली.

एकच मळी, एकच जीव. एका टाकींत दारू, दुसऱ्या टाकींत पावाचें विरजण. चिरंजीवांच्या वाक्यांतून गळलेलें अर्धें तें हेंच.

उष्ट्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मूळ साखर जाळली असतां जी उष्णता मिळाली असती तिच्यापैकीं नव्वदांहून अधिक टक्के त्या टाकलेल्या मद्यार्कांत तशीच राहते. किण्वानें साखरेचा केवळ कपचा उडवलेला असतो. म्हणूनच मोटारी त्यावर चालतात. आपल्या देशांत २००३ सालीं कांहीं राज्यांतून पेट्रोलांत इथेनॉल, म्हणजे हाच मद्यार्क, मिसळण्यास आरंभ झाला, आणि २०२५ मध्यें तें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोहोंचलें. कोल्हापूरचा शेतकरी पेट्रोल भरतांना आपल्याच उंसाचा कांहीं भाग विकत घेतो, तो असा.

गोदामाला मुद्दाम कुलूप घातलें तर काय होतें, याचा एक विलक्षण दाखला आहे. पहिल्या महायुद्धांत जर्मनीला स्फोटकांसाठीं ग्लिसरीन हवें होतें. ग्लिसरीन चरबीपासून मिळे, आणि चरबीचा तर दुष्काळ. तेथल्या रसायनज्ञांनीं किण्वाच्या टाकींत सल्फाइट नांवाचा क्षार घातला. तो असेटाल्डिहाइडला घट्ट धरून ठेवतो. नेहमींचें गोदाम असें बंद झाल्यावर हमालांनीं आपलें ओझें साखरेच्या दुसऱ्या तुकड्यावर उतरविलें, आणि मद्यार्काच्या जागीं ग्लिसरीनचा लोंढा सुरू झाला. महिन्याला हजार टनांपर्यंत ग्लिसरीन अशा रीतीनें निघत होतें. ही कथा ऐकून आक्का म्हणाल्या, “बिचाऱ्याला कोंडून छळलें म्हणायचें.” मला वाटतें, किण्वाविषयीं त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला सहानुभूतीचा शब्द.

पावाकडे वळूं. मळलेल्या पिठांतली हवा कांहीं मिनिटांतच संपते. मग किण्व हवेवांचूनच्या मार्गाला लागतें. कर्बवायूचे बुडबुडे पिठाच्या चिवटपणांत अडकतात आणि गोळा फुगतो. मद्यार्कही होतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण भट्टींत किण्व मरतें, आणि मद्यार्क ७८ अंशांवर उकळत असल्यामुळें बहुतेक उडून जातो. उरतो तो लेशमात्र, फार पिकलेल्या केळ्यांत असतो तसा.

“लेशमात्र का होईना, असतो ना?” आक्का.

तेव्हां मला त्यांच्या आवडत्या इडलीची साक्ष काढावी लागली. इडलीचें पीठ मुख्यतः निराळ्या जंतूंनीं आंबतें. हे जंतु साखरेपासून दुग्धाम्ल करतात, त्याबरोबर कर्बवायु सोडतात, आणि तिसरी वस्तु करतात ती मद्यार्कच. वाफेंत तोही जातो. इडली गेलीं साठ वर्षें आमच्या घरांत सोंवळ्यांतही होत आली आहे. आक्का कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “पण तूं त्याला उष्टें म्हणालास.” मी म्हटलें, “आणि पंचामृतांतला मध कोणाचा?” यावर आमच्या मंडळींनीं पदर तोंडाला लावला.

काकवीचा प्रकार थोडा निराळा. काहिलींत रस उकळतांना त्यांतलीं किण्वें मरतात. पुढें हवेंतून, बरणींतून, पळींतून जीं येतात तीं दाट पाकांत जगूं शकत नाहींत, कारण साखर त्यांच्या अंगांतलें पाणी ओढून घेते. परंतु कांहीं किण्वें साखर सोसणारीं असतात. तीं आपल्या अंगांत ग्लिसरीन सांठवून पाणी धरून ठेवतात आणि संधीची वाट पाहतात. ती संधि आमच्या घरांत ओल्या पळीनें दिली. पळी कोणीं घातली याचा शोध मीं केला नाहीं. घरांत शांतता हवी होती. त्या पाण्यानें आणि पावसाळी दमटपणानें वरचा थर पातळ झाला, किण्व वाढलें, झांकण घट्ट होतें, वायूला वाट उरली नाहीं. काकवीला पिकल्या केळ्याचा वास येत होता तोही त्याचाच. किण्वाला मिळणाऱ्या नत्रयुक्त द्रव्यांचे जे अवशेष राहतात त्यांपासून सुवासिक द्रव्यें बनतात, आणि त्यांतलें एक केळ्याच्या वासाचेंच असतें. गृहिणींनीं एवढें करावें: काकवी मोठ्या बरणींत एकत्र न ठेवतां लहान बाटल्यांत भरावी, पळी कोरडी असावी, पावसाळ्यांत फ्रिजमध्यें ठेवावी, आणि फेंस दिसला तर कांचेचें झांकण घट्ट लावून ठेवूं नये, बरणी फुटून इजा होण्याचा संभव असतो. आमची काकवी परसांत कढीलिंबाच्या मुळाशीं गेली.

इतकें सारें ऐकून घेतल्यावर आक्कांनीं जो प्रश्न केला, त्याची तयारी मीं केलेली नव्हती. “भट्टींत उडतो, वाफेंत उडतो. मग मी रोज रात्रीं घेतें त्या द्राक्षासवाचें काय? तें कोण उकळतें?”

खरें सांगणें प्राप्त होतें. आसवें तयार झाल्यावर उकळीत नाहींत. चरकानें आसवांच्या चौऱ्यायशीं प्रकारांची गणना केली आहे. द्राक्षांचा काढा व गूळ मडक्यांत घालून त्यांत धायटीचीं तांबडीं फुलें टाकतात. आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर हीं झुडपें पुष्कळ आहेत. त्या फुलांबरोबर किण्व येतें. मग मडक्याचें तोंड कापडमातीनें बंद करून तें महिनाभर ठेवतात. तोंड बंद करण्यांत मोठें शहाणपण आहे. हवा लागली तर सिरक्याचे जंतु मद्यार्क खाऊन त्याचें आम्ल करतात आणि आसवाचें शुक्त होतें. आंतला मद्यार्क पांच ते दहा टक्के भरतो; औषधें त्यांत उतरतात आणि टिकतात तीं त्याच्याच बळावर. बाटलीवर हें छापलेलेंही असतें.

आक्कांनीं बाटली मागविली, भिंग मागविलें, आणि खिडकीशीं बसून बारीक अक्षरांतली ती ओळ दोनदां वाचली. नंतर बाटली आपल्या कोनाड्यांत होती तेथेंच ठेवली. “हें औषध आहे,” एवढेंच म्हणाल्या. त्या रात्रीं नेहमींप्रमाणें दोन चमचे घेतले.

पावाचा प्रश्न मीं पुन्हां काढला नाहीं. रविवारीं चिरंजीवांनीं बाहेरून मिसळ आणली, आणि तिच्याबरोबर कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणें ब्रेडच्या चकत्या. कागद सोडलेला होता. आक्कांनीं येतां येतां तो जवळ ओढला, एक चकती उचलून नाकाशीं नेली आणि थोडा वेळ धरली.

“केळ्याचा वास येत नाहीं,” त्या म्हणाल्या. आणि सूनबाईला दूध गरम करायला सांगितलें.